कवडू, नकोशी आणि लवणम

आंध्रातले निरीश्वरवादी कार्यकर्ते गोपराजू रामचंद्र राव ऊर्फ ‘गोरा’ १९४४ साली वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला आले. ईश्वर मानणारे गांधीजी आणि न मानणारे गोरा यांच्यात तेव्हा जो संवाद सुरू झाला, तो गोरांनी पुढे पुस्तकरूपाने मांडला आणि नवजीवन प्रकाशनाने १९५१ मध्ये तो छापला. पण गोरांचा निरीश्वरवाद पुस्तकात यायच्या कितीतरी आधी त्यांच्या घरातल्या पाळण्यात आला होता. १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले लवणम, म्हणजे मीठ. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि त्या वर्षीचा मुलगा झाला समरम. एकाचे नाव विजयम, एकाचे नियंता, आणि नवव्या अपत्याचे नाव नऊ. थोरल्या मनोरमेचे लग्न दलित समाजातल्या अर्जुन राव यांच्याशी मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामलाच झाले. लवणम यांनी भूदानाच्या काळात विनोबांच्या भाषणांचे तेलुगूत भाषांतर केले आणि १९६० मध्ये तेलुगू कवी गुर्रम जाषुवा यांची कन्या हेमलता हिच्याशी त्यांचा विवाह झाला, तोही सेवाग्राममध्ये. या नावांत ना देव होता, ना आजोबा-पणजोबा, ना जन्मनक्षत्राचे अक्षर. अशी नावे ठेवणाऱ्या बापाने मुलांवर अन्याय केला की त्यांना मोकळे केले? हा प्रश्न फक्त गोरांच्या घरापुरता नाही. आज वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत बाळाचे नाव ठरवताना घरोघरी वाद होतात, त्यांच्या मुळाशीही तोच प्रश्न असतो: नाव म्हणजे नेमके काय, आणि ते वेगळे असण्यात काही पाप आहे का?

परंपरेचे पहिले उत्तर असे की नाव ही निव्वळ खूण नव्हे, त्यात शक्ती असते. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार आहे तो म्हणूनच. अजामिळाची कथा भागवताच्या सहाव्या स्कंधात येते. जन्मभर अधर्माने वागलेला अजामिळ मरताना भेदरून धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण असते आणि तेवढ्यावर तो यमदूतांच्या हातून सुटतो. मुलांना देवांची नावे का ठेवावीत, याचे याहून बळकट समर्थन सांगता येणार नाही. ज्याचा यावर विश्वास आहे, त्याला लवणम हे नाव म्हणजे तरण्याची एक संधी वाया घालवणे वाटेल. पण ही परंपरा विचित्र नावांच्या विरोधात आहे असे मात्र तिच्याच ग्रंथांवरून दिसत नाही. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात ज्या विष्णुसहस्रनामाचा पाठ होतो, त्यात विष्णूच्या नावांत ‘एक’ आहे आणि ‘नैक’ म्हणजे एक नसलेला हेही आहे. ‘कः’ आणि ‘किम्’ ही प्रश्नार्थक सर्वनामे नावे म्हणून आली आहेत. ‘अणु’ आहे, ‘विषम’ आहे, आणि चक्क ‘शून्य’ही आहे. नवव्या मुलाला नऊ म्हणणारे गोरा यापुढे फार धाडसी वाटत नाहीत. देवाला शून्य म्हणण्यात ज्यांना काही गैर दिसले नाही, त्यांच्या वारशाचा हवाला देऊन एखाद्या बाळाचे नाव ‘हे काय नाव झाले?’ म्हणून मोडीत काढता येणार नाही.

शास्त्राच्या नियमांचा आधारही टिकत नाही. पारस्कर गृह्यसूत्र सांगते की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि मुलीचे नाव विषम अक्षरांचे, शेवटी ‘आ’ येणारे. या मोजमापाने लवणम आणि समरम ही तीन अक्षरी नावे बाद होतात खरी. पण त्यांच्याबरोबर माधव, केशव, गणेश आणि मुकुंदही बाद होतात, आणि मुलींमध्ये सीता, राधा आणि गंगा. म्हणजे ज्यांना आपण अगदी रूढ, सोवळी नावे समजतो, ती या कसोटीवर बिघडलेलीच आहेत आणि त्याने कोणाचे काही अडलेले नाही. बाराव्या दिवशीचा पाळणा, आत्याने कानात सांगितलेले नाव, पंचांगातून काढलेले अक्षर यांना घरातल्या आनंदाचा भाग म्हणून मान आहेच. पण नाव योग्य की अयोग्य हे ठरवण्याची कसोटी त्यांतून मिळत नाही. ती शोधायची तर माणसांनी खरोखर कोणती नावे ठेवली आणि कशासाठी ठेवली, हे पाहिले पाहिजे.

वर्धा, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यातल्या जुन्या पिढीत कवडू, दमडू, उकंडा, कचरू, दगडू, धोंडू, शेणफड, सुपडू, नत्थू ही नावे सर्रास आढळतात. शहरी कानाला ती विचित्र लागतात, क्वचित हसूही येते. पण त्यांच्यामागचा व्यवहार सरळ होता. आधीची मुले जगली नाहीत की नव्या बाळाला सुपात घालायचे, उकिरड्यावर क्षणभर ठेवायचे, दुसऱ्या कुणाला देऊन कवडी-दमडीला परत विकत घ्यायचे, मुलाच्या नाकात नथ घालून त्याला मुलगी भासवायचे. ज्याची किंमत एक कवडी, ज्याची जागा उकिरड्यावर, त्याच्याकडे मृत्यू आणि वाईट नजर फिरकणार नाही, असा हिशेब होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भारतात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक बाळे पहिल्या वर्षातच दगावत. त्या काळात ‘कवडू’ हे नाव ठेवणारी आई बाळाला हिणवत नव्हती. त्याला लपवत होती. महाराष्ट्रात २०२० मध्ये हा आकडा हजारी १६ वर आला होता. कवडू हे नाव नव्या पिढीतून नाहीसे होत गेले, ते लोकांची अभिरुची सुधारली म्हणून नव्हे. देवी, घटसर्प, धनुर्वात यांच्या लसी गावात पोचल्या, बाळंतपणे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी होऊ लागली, आणि ज्या भीतीपोटी ते नाव ठेवले जाई ती भीतीच ओसरली. तेव्हा या नावांना अडाणीपणाचे नमुने म्हणणे हा अन्याय आहे. अर्थाने हीन असलेले नाव हेतूने अत्यंत मायेचे असू शकते, हे त्यांतून दिसते.

याच्या अगदी उलटे उदाहरण सातारा जिल्ह्यातले आहे. तिथे मुलग्याची वाट पाहणाऱ्या घरांत दुसऱ्या-तिसऱ्या मुलीचे नाव नकोशी किंवा नकुसा ठेवत असत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींचा जाहीर नामकरण समारंभ करून त्यांना नवी नावे दिली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. आता कवडू आणि नकोशी ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही ऐकायला हलकी, दोन्ही मोठ्यांच्या एका समजुतीतून आलेली. पण कवडूच्या घरी नावाने ‘नको’ म्हटले आणि मनाने ‘हवा’. नकोशीच्या घरी नाव आणि मन दोन्ही एकच बोलले. तिच्या नावाने नशिबाला चकवायचे नव्हते, नशिबाकडे तक्रार करायची होती, आणि ती तक्रार एका मुलीच्या तोंडी जन्मभरासाठी घालायची होती. ती हजेरीला ‘हजर’ म्हणाली की स्वतःच्या नको असण्याला दुजोरा देत होती. नाव दुर्मीळ आहे की रूढ, शब्द सुंदर आहे की ओबडधोबड, यावरून त्याचा न्याय होऊ शकत नाही, तो होतो त्या नावाने बाळाला जवळ घेतले की दूर लोटले यावरून. माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे, आणि पुढे त्यावरचे आक्षेप तपासायचे आहेत.

नाकारण्याचा आणखी एक प्रकार होता आणि तो आईबापांच्या मनातला नव्हता, धर्मशास्त्रातला होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सा दाखवणारे असावे, असे सांगितले आहे. इथे हीन नाव ठेवायचे ते बाळ जगावे म्हणून नाही. त्याने आपली पायरी विसरू नये म्हणून. कचरू हे नाव एका घरात मायेने ठेवले जात असेल. त्याच नावाला दुसऱ्या बाजूने जातीची मान्यता असेल, तर माया आणि अपमान यांची सरमिसळ होते आणि ऐकणारा त्यातला सोयीचा अर्थ घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर विदर्भातल्या वस्त्यांमधून सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, नागसेन, अश्वघोष, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा अशी नावे पिढीभर घुमू लागली. बाबासाहेब स्वतः नावांबाबत किती जागरूक होते, हे त्यांनी उभ्या केलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयावरून आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयावरून दिसते. खेड्यातल्या कानांना तेव्हा नागसेन किंवा अश्वघोष ही नावे आजच्या कुठल्याही फॅशनेबल नावाइतकीच अनोळखी होती. आज सिद्धार्थ, राहुल, सुजाता ही नावे सगळ्या जातींच्या घरांत आहेत आणि ती कोणाला वेगळी वाटत नाहीत. विचित्रपणा हा नावाचा कायमचा गुण नसतो. दोन पिढ्यांत तो विरून जातो. स्वीकार किंवा नकार मात्र विरत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप बौद्ध परंपरेतूनच येतो. नामसिद्धी जातकात तक्षशिलेच्या एका आचार्यांचा पापक नावाचा शिष्य आहे. हे अशुभ नाव बदलून द्या, असे तो म्हणतो. आचार्य त्याला आवडेल असे नाव शोधायला पाठवतात. वाटेत त्याला एक प्रेतयात्रा दिसते. मेलेल्याचे नाव असते जीवक. पुढे कमाई आणली नाही म्हणून मार खाणारी एक दासी भेटते. तिचे नाव धनपाली. मग रस्ता चुकलेला एक माणूस भेटतो; त्याचे नाव पंथक. शिष्य परत येतो आणि पापक हेच नाव राहू द्या म्हणतो. नाव ही फक्त ओळखीची खूण, नावाने भाग्य घडत नाही, हा कथेचा बोध. मग आक्षेप असा: नाव निव्वळ खूण असेल तर कवडू काय, नकोशी काय आणि लवणम काय, सगळे सारखेच. साताऱ्याच्या समारंभाची गरज काय होती? आणि नागपूरनंतर नावे बदलणाऱ्यांनी आपल्याच जातकाकडे पाठ फिरवली असे नाही का होत?

हा आक्षेप वाटतो तितका पुढे जात नाही. पापकाची चूक नाव बदलण्याची इच्छा ही नव्हती. शुभ नाव आपल्याला शुभ फळ देईल, ही समजूत चूक होती. कथेतले आचार्य नाव बदलायला नकार देत नाहीत, ते तयारच असतात. निर्णय शिष्यावर सोडतात आणि शिष्य तो विचाराने घेतो. नकोशीची ऐश्वर्या झाली म्हणून तिला ऐश्वर्य मिळेल, असा दावा साताऱ्यात कोणाचाही नव्हता. नागसेन नाव ठेवणाऱ्या बापालाही मुलगा त्या नावाने विद्वान होईल अशी जादू अपेक्षित नव्हती. त्यांना बदलायचे होते ते नशीब नव्हे, समाजाशी असलेला एक करार. मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देऊन हेच समजावतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, ‘रथ’ हा व्यवहारासाठी ठरलेला शब्द, तसाच ‘नागसेन’ हाही. पण जे ठरलेले असते ते कोणीतरी ठरवलेले असते. नावात स्वतःची शक्ती नाही, हे एकदा मान्य केले की त्याला जी काही शक्ती दिसते ती आपण दिलेली आहे, हेही मान्य करावे लागते. नाव दैवी असते तर दोष दैवावर टाकता आला असता. ते मानवी आहे, म्हणून ठेवणाऱ्याची आणि त्या नावाने हाक मारणाऱ्याची जबाबदारी पुरती आपली आहे. नाव म्हणजे खूण, हा विचार आपल्याला या जबाबदारीतून सोडवत नाही, उलट तिच्यात अडकवतो.

दुसरा आक्षेप असा येईल की मग सुंदर, उदात्त अर्थाचे नाव ठेवले की झाले, प्रश्न संपला. वर्ध्याचा इतिहास या समजुतीला छेद देतो, कारण गेल्या शतकात नव्या नावांशी इतका संबंध आलेले दुसरे गाव सापडणे कठीण. विनायक नरहरी भावे यांना गांधीजींच्या आश्रमात विनोबा हे नाव मिळाले आणि मॅडेलिन स्लेड यांना गांधीजींनी मीरा म्हटले. सेगाव या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले; शेगावच्या गोंधळात टपाल चुकत असे, हे त्याचे साधे कारण. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडून घराण्याचे जुने नाव परत घेतले होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात यावलीच्या माणिकला आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटले आणि त्या ओबडधोबड नावानेच तुकडोजी महाराज राष्ट्रसंत झाले. गाडगे हे नाव तर हातातल्या फुटक्या मडक्यावरून पडले. ही सगळी नावे टिकली, कारण ज्यांना ती मिळाली त्यांनी ती आपली म्हणून घेतली. पण गांधीजींनीच दिलेल्या ‘हरिजन’ या नावाचे तसे झाले नाही. अर्थ हरीचा माणूस, हेतू निर्मळ, नावाची परंपरा संतांची, तरीही डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नाकारले, आणि १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयकात हा शब्द घातल्याच्या निषेधार्थ सभात्याग केला. ज्यांना नाव द्यायचे त्यांनाच विचारले नाही, हा त्यांचा आक्षेप होता. मंगल नावही बंधन होऊ शकते आणि ‘तुकड्या’सारखे हलके नाव भूषण होऊ शकते, मधला फरक स्वीकाराचा आहे.

इथे गोरांच्या बाजूला खरी अडचण येते. विनोबा आणि मीराबेन प्रौढ होते, त्यांना होय-नाही म्हणता आले. पाळण्यातल्या बाळाला ते म्हणता येत नाही. मग लवणमच्या कपाळी बापाचे राजकारण आणि नऊच्या कपाळी बापाचा विनोद कायमचा लिहिला, तो नकोशीच्या आईबापांच्या तक्रारीहून वेगळा कसा? दोन्हीकडे मुलाला न विचारता मोठ्यांनी आपले मन त्याच्या नावात भरले. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही, कारण कोणतेही नाव असे लादलेलेच असते. आजोबांचे नाव लावणारा घराण्याचे ओझे देतो, नारायण ठेवणारा स्वतःच्या मोक्षाची सोय करतो, सिद्धार्थ ठेवणारा आंदोलनाचा झेंडा देतो. १ मार्च १९५३ ला चेन्नईत तमिळ नेते करुणानिधी यांना मुलगा झाला, चारच दिवसांनी रशियात स्टालिन वारले, आणि मुलाचे नाव स्टालिन पडले. ज्याच्या नावावर लाखोंचे शिरकाण आहे त्याचे नाव बाळाला देणे हे ओझे लवणमपेक्षा किती जड, याचा विचार करावा. निर्दोष नाव असते अशी कल्पनाच सोडून द्यावी लागते. उरते ती तुलना: ओझे किती, आणि ते उतरवता येते का. लवणम हे नाव मुलाला सांगते की तू ज्या वर्षी आलास त्या वर्षी देश जागा झाला होता, आणि तू त्या जागेपणाचा भाग आहेस. नकोशी हे नाव मुलीला सांगते की तू आलीस हीच चूक. एक नाव मुलाला जगाशी जोडते, दुसरे मुलीला जगातून वजा करते. लवणम यांनी २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत तेच एकेरी नाव मिरवले. नकोशींनी संधी मिळताच नाव बदलले. नाव ठेवताना जे विचारता आले नाही, त्याचे उत्तर त्यांनी पुढे आपल्या वागण्यातून दिले.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि आज तोच सर्वाधिक ऐकू येतो: वेगळ्या नावाच्या मुलाला शाळेत चिडवतात, म्हणून आईबापांनी हौस आवरावी. चिडवण्याचा त्रास खरा आहे. पण या युक्तिवादात गुन्हा करणाऱ्याला सोडून सोसणाऱ्याकडून दंड घेतला जातो. शिवाय हसू कोणत्या नावांना येते, हेही पाहावे. कियान, अद्विक, रेयांश अशा नावांचा अर्थ अनेकदा ठेवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. तरी पत्रिकेवर ती छापली की कौतुक होते. उकंडराव, कवडू, किंवा गोंड घरांतली वारावरून पडलेली मंगरू, बुधराम ही नावे मात्र विनोदाचा विषय होतात, जरी त्यांचा अर्थ स्वच्छ आणि कारण ठाम आहे. म्हणजे आपण हसतो ते नावाच्या वेगळेपणाला नव्हे. नावामागची जात, गाव आणि गरिबी ओळखून हसतो. नव्या फॅशनच्या नावांवर माझा आक्षेप ती वेगळी आहेत हा नाही. दुर्मीळ व्हायच्या धडपडीत ती एकमेकांसारखी झाली आहेत, आणि त्यांच्यामागे कवडूच्या आईची भीती किंवा लवणमच्या बापाचा विश्वास यांसारखे काहीच उभे नाही, हा आहे. पण ते पाप नव्हे, फक्त पोकळपणा आहे. त्या नावाला अर्थ देण्याचे काम ते मूल स्वतः करू शकते.

मग कायद्याने मर्यादा घालावी काय? फ्रान्सने १८०३ च्या कायद्याने नावे दिनदर्शिकेतल्या संतांपुरती आणि प्राचीन इतिहासापुरती बांधून ठेवली आणि १९९३ मध्ये ते बंधन काढून टाकले. आइसलँडमध्ये आजही नवे नाव समितीपुढे जाते. भारतात अशी यादी नाही आणि ती नसावी. आपल्याकडे यादी केली तर तिच्यात कोणाच्या घरची नावे शिरतील आणि कोणाची बाहेर राहतील, हे मनुस्मृतीच्या त्या श्लोकावरून ओळखता येते. पण शासनाने अगदीच बाजूला राहावे असेही नाही. न्यूझीलंडमधल्या एका न्यायालयाने २००८ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीला तात्पुरते आपल्या ताब्यात घेतले, ते तिचे थट्टेचे विषय झालेले नाव बदलता यावे म्हणून. तो हस्तक्षेप मुलीच्या बाजूने होता, लोकांच्या अभिरुचीच्या बाजूने नव्हता. साताऱ्याचा समारंभही तसाच. आपल्याकडचा जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा नाव न घालताही जन्म नोंदवू देतो आणि नाव पुढे, पंधरा वर्षांपर्यंत, घालता येते. मोठेपणी राजपत्रातून नाव बदलण्याची वाटही आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत महाराष्ट्राने वडिलांच्या आधी आईचे नाव आणले, तेही ऐकायला अनेकांना चमत्कारिक वाटले होते. कायद्याचे काम नाव निवडणे नाही. निवडलेले नाव चुकले तर मुलाला परतीचा रस्ता ठेवणे आहे.

या सगळ्यातून जे निष्पन्न होते ते कोणत्याही धर्माच्या विरोधात जात नाही आणि ईश्वर न मानणाऱ्यालाही मान्य व्हावे. नाव दुर्मीळ असणे हा गुण नाही आणि दोषही नाही. नावातून बाळाला आपण हवे आहोत हे ऐकू आले पाहिजे, आणि ते नाव पुढे त्याला नको वाटले तर टाकून देता आले पाहिजे. या दोन अटी पाळणारे नाव देवाचे असो, मिठाचे असो, मंगळवारचे असो की नुसता आकडा असो, त्याला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. म्हणून विनंती बाळाच्या आईबापांना कमी आणि बाकीच्यांना जास्त आहे. शाळेत नाव घालताना ‘हे काही नीट नाव नाही’ म्हणून स्वतःच्या मनाने दुसरे नाव लिहिणाऱ्या शिक्षकाने, ग्रामपंचायतीत नोंद करताना तोंड वाकडे करणाऱ्या कारकुनाने आणि बारशाला जाऊन परतताना हसणाऱ्या पाहुण्याने आधी त्या नावाचे कारण विचारावे. कारण ऐकल्यावर नाव जसेच्या तसे, पूर्ण आणि शुद्ध लिहावे आणि त्याच नावाने मुलाला हाक मारावी.